खोडरबर नसलेली प्रयोगशाळा

वैजे,

परवा शाळेत तुझी शोकसभा आहे. अध्यक्षस्थानी भाऊसाहेब. आणि त्यांनी तुझ्याबद्दल काय बोलायचं, ते मी लिहून द्यायचं आहे. मुख्याध्यापकांचा काल फोन आला. आधी घसा खाकरला, मग म्हणाले, "मीनाक्षीमॅडम, नेहमीप्रमाणं एक पान. जरा भावपूर्ण असू द्या. तुमचं दोघींचं चांगलं होतं." मी "बरं" म्हटलं. सात वर्षं तू माझ्या या "बरं"वर चिडत आलीस. आता चिडायला तू नाहीस, म्हणून मीच माझ्यावर चिडून बसले आहे.

नेहमीप्रमाणं एक पान. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटणार नाही, पण आपल्या शाळेत हीच रीत आहे. भाऊसाहेब संस्थेचे अध्यक्ष, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचे पाहुणे तेच, आणि ते जे बोलतात ते दोन दिवस आधी माझ्या अक्षरात त्यांच्या घरी पोचतं. पंधरा ऑगस्टला देशभक्ती, शिक्षकदिनाला गुरूचा महिमा, दहावीच्या निरोपाला पाखरांनी घरटं सोडणं. ते घरी मोठ्यानं वाचून सराव करतात म्हणे. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचेच कागद लिहिले. पणजोबा निजामाच्या अमलात कचेरीत बसून हुकूम उतरवायचे, मी शहरातल्या समर्थनगरातून रोज जीपनं गावात येऊन भाषणं उतरवते. तू एकदा म्हणाली होतीस, "मीने, तुझं अक्षर लई देखणं हाय. पण तू त्याच्यामागं दडती." मला इतका राग आला की वाटेतलं करमाड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

आज या पानाला हात लावला आणि ते होईना. भाऊसाहेबांच्या तोंडी घालायला तुझ्याबद्दल एकही वाक्य सुचेना. म्हणून ते बाजूला ठेवलं आणि हे घेतलं. यात खरं लिहायचं आहे. त्यातलं एक तुलाही माहीत नाही.

मी तुला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तुझ्या हातात दगड होता. रुजू होऊन तुला चार दिवस झाले होते. शाळेत प्रयोगशाळा होती; म्हणजे दारावर पाटी होती, आत भाऊसाहेबांच्या मंगल कार्यालयाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. तू किल्ली मागितलीस, मुख्याध्यापक म्हणाले विचारून सांगतो. परत मागितलीस, शिपाई म्हणाला हरवली. तिसऱ्यांदा तू मागितलीच नाहीस. मधल्या सुट्टीत मैदानातला दगड उचललास आणि दोन घावांत कुलूप खाली पाडलंस. सगळी शाळा व्हरांड्यात. तू पोरींना म्हणालीस, "खुर्च्या बाहेर काढा. नीट काढा, मोडू नका. गरीब माणसाच्या हायेत." त्या व्हरांड्यात एवढं हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

तू गेलीस म्हणून मी तुला देवी करणार नाही. तुझा हात चालायचा. जीभ त्याहून जास्त चालायची. पिशोरला पाच भावांत वाढलेली तू, आधी हाणायचं आणि मग विचारायचं ही तुझी पद्धत. जीपवाल्यानं चौदावा माणूस कोंबला तर तू त्याची चावी काढून घ्यायचीस. मला तुझी लाज वाटायची, आणि तुझ्या शेजारी बसलं की भीती वाटायची नाही. हे दोन्ही एकाच वेळी वाटायचं.

पाण्याचं सगळं माझ्या हजेरीपटापासून सुरू झालं. मी नववीची वर्गशिक्षिका. खालच्या आळीतल्या सात पोरींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा मुंग्यांसारख्या लागलेल्या. त्या आल्या तरी दुसऱ्या तासाला यायच्या, झोपाळलेल्या, हातांना चिरा पडलेल्या. मी त्यांना आळशी म्हणायचे. वर्गात, सगळ्यांसमोर. तू माझ्या हातातून हजेरीपट ओढून घेतलास, बोट फिरवत गेलीस आणि म्हणालीस, "मीने, ही हजेरी नाय. हे पाण्याचं रीडिंग हाय."

मी म्हटलं, काहीतरीच. मग तू मला शाळा सुटल्यावर नाल्यावर घेऊन गेलीस. वरच्या अंगाला भाऊसाहेबांचा मळा आणि त्यांची विहीर. मळ्याच्या कडेला मोरीचा पूल. त्या पुलाजवळ पहाटे टँकर थांबतात, नळी नाल्यात सोडतात आणि उजाडायच्या आत निघून जातात. टँकर भाऊसाहेबांचे, आतलं पाणी कुठल्या कारखान्याचं ते कुणी सांगत नाही. पुलाच्या खाली खालची आळी आणि तिथल्या विहिरी. तिथे तू एक पोहरा काढलास, माझं मनगट धरलंस आणि हात पाण्यात बुडवलास. पाणी बुळबुळीत होतं, साबण विरघळल्यासारखं. थोड्या वेळानं आग व्हायला लागली. मी हात ओढला, तू सोडला नाहीस. "अजून थोडं. पोरी धुणं धुतात यात." मी तुला शिवी दिली, आयुष्यातली पहिली. तू खूश झालीस. जीपमध्ये सगळ्यांना सांगत होतीस की कुलकर्णीबाईंना शिव्या येतात.

प्यायचं पाणी त्या पोरी दूरच्या शेतातून डोक्यावर आणायच्या. दोन खेपा झाल्या की शाळा. खेप लांबली की शाळा बुडाली. एवढं साधं होतं आणि मी वर्षभर त्यांना आळशी म्हणत होते.

विज्ञान प्रदर्शनाला बाकीच्या शाळा ज्वालामुखी करतात, आपल्या पोरींनी विहिरी केल्या. पाणी तपासायचं मीटर कुठून आणणार, म्हणून तू हळद आणायला सांगितलीस. हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून व्हरांड्यात दोरीवर वाळत घातल्या. "हळदीला चुना लागला की लाल होती, हे तुमच्या आयांना म्हायती हाय. तेवढंच विज्ञान. बाकी डोळे उघडे ठेवायचे." वरच्या विहिरींत पट्टी पिवळी राहायची. पुलाखालच्या विहिरींत लाल व्हायची. पट्टीच्या शेजारी त्या विहिरीवरच्या घरातल्या मुलांची हजेरी मांडायची. पिवळीशेजारी भरलेला पट, लालशेजारी रिकामा. मुलांची नावं लावायची की नाही यावरून आपण तीन दिवस भांडलो. मी म्हणत होते त्यांची लाज जाईल. तू म्हणत होतीस लाज भलत्याचीच चाललीय. शेवटी मुलांची नावं काढली, विहिरींची ठेवली. विहिरींना नाव नसतं तर गावात कुणाला कळणार, ही विहीर कुठली ती?

आणि तुझी ती वही. त्या प्रयोगशाळेत खोडरबर आणायला बंदी होती. कुणाच्या कंपासात सापडलं तर तू ते खिडकीबाहेर भिरकावायचीस. रीडिंग चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची. एकच. "खालचं वाचता आलं पायजे. शेजारी खरं लिवायचं आन्‌ सही करायची. चूक लपवली की दुसरी चूक झाली." प्रत्येक रीडिंगपुढे दोन सह्या असायच्या: एक घेणारीची, एक पाहणारीची. एकटीचं खरं कुणी धरत नाही, असं तुझं म्हणणं होतं. मी त्याला तुझं सोवळं म्हणायचे.

या सोवळ्यापायी तू कांचनला मारलंस. ते मी अजून विसरले नाही, आणि तू गेलीस म्हणून माफही केलेलं नाही. कांचन सातांतली सगळ्यात हुशार. भाऊसाहेबांच्या विहिरीचं रीडिंग तिच्याकडे होतं. तिनं 'पिवळी' लिहून पट्टी चिकटवली. पट्टी कोरडी होती. पाणी लागलेलंच नव्हतं. तू विचारलंस गेली होतीस का, आणि उत्तराची वाट पाहिली नाहीस. तू सगळ्यांसमोर तिच्या कानफटात लगावलीस. बोटं उमटली. "खोटं रीडिंग लिवती? या वहीत?"

मी तुझा हात धरला. त्या दिवशी आपण जीपनं गेलो नाही, रस्त्याच्या कडेनं भांडत चालत राहिलो. मी म्हटलं, तुझ्यात आणि भाऊसाहेबांच्या पाइप घेऊन फिरणाऱ्या माणसांत काय फरक? तू म्हणालीस, "खोट्यानं मरतात लोकं, मीने. कानफटानं नाय." मी म्हटलं, मास्तरणीला मारल्याशिवाय शिकवता येत नसेल तर तिनं म्हशी राखाव्यात. तू म्हणालीस म्हशी जास्त शहाण्या असतात. ते भांडण तसंच राहिलं. आता ते माझ्या एकटीच्या वाट्याला आलं आहे आणि एकटीनं भांडता येत नाही.

चार दिवसांनी तुला कळलं. कांचन त्या विहिरीवर गेली नव्हती, कारण तिच्या आळीतल्या माणसाला त्या विहिरीची पायरी आजही उतरू देत नाहीत. हे कुठे लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे. मला माहीत होतं, वैजे. तुला नव्हतं. तू ऐकलंस, कांचनचा हात धरलास आणि भर दुपारी तिला घेऊन त्या विहिरीवर गेलीस. पायऱ्या उतरून तिनंच पाणी काढलं, तिनंच पट्टी बुडवली. पट्टी पिवळीच राहिली. म्हणजे तिनं घरी बसून लिहिलेलं बरोबरच होतं. तरी तू त्या पहिल्या नोंदीवर रेघ मारायला लावलीस, खाली पुन्हा 'पिवळी' लिहायला लावलंस. घेणारी कांचन, पाहणारी तू.

त्या दिवशी जीपमध्ये तू हातातली वही पिशवीत कोंबलीस. मग म्हणालीस, "माफी मागायची हाय तिची. जीभ रेटत नाय. प्रदर्शन होऊ दे, मग सांगते." मी टोमणा मारला, हात बरा रेटतो. तू हसली नाहीस.

आता ते, जे तुला माहीत नाही.

प्रदर्शनाला पाहुणे भाऊसाहेब. तुला ते मान्य नव्हतं, मी म्हटलं संस्थेचे अध्यक्ष आहेत, रीत आहे. आणि रीतीप्रमाणं गुरुवारी मी त्यांच्या माणसाच्या हाती एक पान दिलं. त्यांना बोलायला मुद्दे हवेत ना. मी लिहिलं: आपल्या विद्यार्थिनींनी आपल्या विहिरीसह गावातील विहिरींचा अभ्यास केला असून मोरीच्या पुलाच्या वरचे पाणी शुद्ध व खालचे दूषित असल्याचे सप्रमाण सिद्ध केले आहे. 'सप्रमाण सिद्ध' हे मला फार आवडलं होतं. खाली रेघसुद्धा मारली. माझ्या डोक्यात एवढंच होतं की ते वाचतील, पोरींचं कौतुक करतील, टाळ्या पडतील. दुसऱ्याचं भाषण लिहिणाऱ्या माणसाला कागद फक्त वाचायला असतो असं वाटतं.

शुक्रवारी सकाळी जीपमध्ये तू म्हणालीस, "कुणीतरी खबर दिली, मीने. काल मळ्याकडनं दोघं येऊन आई-बहिणीवरनं शिव्या देऊन गेले. पट्ट्या काढा म्हणले." मी म्हटलं, "असेल कुणीतरी." तू म्हणालीस, "सापडू दे." आणि मी पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून तुला दिली. तू खाल्लीस.

शनिवारी प्रदर्शनाला पाहुणे आलेच नाहीत. चौघं आले, पिकअपमधून, हातात लोखंडी पाइप. मी दाराशी मोठ्या फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम्' लिहीत होते. पहिल्यांदा मांडलेल्या बाटल्या फुटल्या. मग टेबल. मग दोरीवरच्या पट्ट्या ओढून तुडवल्या. पोरी किंचाळत होत्या. तू सातही जणींना प्रयोगशाळेत ढकललंस, दार ओढलंस आणि दाराला पाठ लावून उभी राहिलीस. एकानं तुझे केस धरले. तू त्याच्या मनगटाला चावलीस, तो ओरडला, तोंडाला रक्त लागलं, ते त्याचं होतं. दुसऱ्यानं खांद्यावर पाइप घातला. तू लोखंडी स्टँड उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणलास. तो खाली बसला. तू एकटी चौघांना आवरत होतीस आणि शिव्या देत होतीस, पिशोरच्या बाजाराला पुरतील एवढ्या. मग तिसऱ्यानं डोक्यात घातला. आवाज नारळ फुटल्यासारखा झाला. तू दारातून हलली नाहीस, दारालाच टेकून खाली घसरत आलीस. खाली आल्यावरही त्यानं दोनदा मारलं.

मी फळ्यामागे होते, वैजे. 'सुस्वागतम्'च्या मागे. खडू हातात तसाच. मला ओरडताही आलं नाही. तू म्हणाली होतीस ना, मी अक्षरामागं दडते.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी कोरे कागद आणि कार्बन पुढे ठेवला. "शाळेची अब्रू आहे. पोरींच्या लग्नाचं बघायचं आहे. अनुदानाचं बघायचं आहे. तुमचं अक्षर चांगलं." ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले: काही अज्ञात इसमांनी गोंधळ घातला, त्या गर्दीत टेबल कलंडले व श्रीमती वैजयंती मॅडम पाय घसरून पडल्या. सगळ्या शिक्षकांनी सह्या केल्या. पहिली सही माझी. मी मनाला सांगितलं, ही शुद्धीवर येईल, उठून चौघांची नावं सांगेल, मग या कागदाला कोण विचारतंय. तुझ्या जिवावर खोटं लिहिलं. नऊ दिवस तू सरकारी दवाखान्यात पडून होतीस. मी रोज येऊन तुझ्या हाताला तेल लावायचे आणि उठ म्हणायचे, माझ्यासाठी उठ. तू उठली नाहीस.

कांचनची आई ठाण्यात गेली होती. पोरीनं खिडकीतून सगळं पाहिलं म्हणून सांगायला. तिला उत्तर मिळालं, "बाई, शाळेचा कागद वेगळं सांगतो. शिकलेल्या माणसांच्या सह्या हायेत."

आणि काल तुझ्या दहाव्याला तुझी आई मला बाजूला घेऊन बसली. रडत नव्हती. म्हणाली, "बाई, तुमी तिथं होत्या. मला एक सांगा. पावसाळ्यात नाल्याच्या शेवाळावरनं म्हशी हाकायची माझी पोर. कवा पडली नाय. शाळंच्या फरशीवर पाय कसा काय घसरला?" मी म्हटलं, फरशी ओली होती. तिनं भाताचं पातेलं पुढे ओढलं. मग म्हणाली, "व्हय का." आणि माझ्या पानात भात वाढला. मी तो खाल्ला.

मला त्या चौघांचे हात तोडावेसे वाटतात. खरंच वाटतात, मी सभ्य घरातली बाई असं म्हणते आहे. पण पाइप त्यांनी तीन-चारदा मारला. मी लिहिलेलं रोज मारतंय. त्या कागदामुळे ते चौघं आज बाजारात चहा पितात.

*

इथवर परवा लिहून ठेवलं होतं. पुढचं आज, शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

काल मी कांचनकडे गेले. तुझा निरोप पोचवायला. तिची आई दारातच बसली होती, मला पाहून उठली नाही, आणि ते बरोबरच होतं. मी कांचनला म्हटलं, मॅडमना तुझी माफी मागायची होती, राहून गेली. ती म्हणाली, "म्हायती हाय मला. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्यांनी मला त्यांचं पेन दिलं. म्हणल्या, रीडिंग आता यानंच लिव. बाकी काय बोलल्या नाय." मग तिनं मला विचारलं, तिच्या त्या सरळ आवाजात: "मॅडम, तुमी खोटं का लिवलं? तुमाला पण तिथं जाऊ देत नव्हते का?"

मला कुणी कुठे अडवलं नव्हतं. तुझा हात माझ्या गालावर बसला असता तर बरं झालं असतं.

आज सकाळी कार्यालयात भाऊसाहेब चहा घेत बसले होते, पांढरे कपडे, समोर तुझा हार घातलेला फोटो. बाकीचे शिक्षक भिंतीला धरून. त्यांनी हात पुढे केला. "मॅडम, कागद? यावेळी उशीर केला."

मी म्हटलं, "देते." आणि लेखनिकाकडून त्या अहवालाची स्थळप्रत मागितली. त्यानं सवयीनं फाइल उघडून दिली. माझंच अक्षर, कार्बनचं, निळं, देखणं. मी टेबलावर कागद ठेवला, फूटपट्टी लावली आणि 'पाय घसरून पडल्या' यावर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं: चौघांनी लोखंडी पाइपने डोक्यात मारले. दोघांना मी ओळखते. त्यांची नावं लिहिली. खाली लिहिलं की गुरुवारी भाऊसाहेबांकडे पान मीच पाठवलं होतं. अक्षर वेडंवाकडं आलं. सही केली.

मुख्याध्यापक उठले. "मॅडम, अहो काय करू राहिल्या तुम्ही? सरकारी कागद आहे तो."

"रीडिंग चुकलं होतं, सर."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "बाई, रोज जीपनं येता-जाता तुमी. रस्ता लांबचा हाय."

मी म्हटलं, "मला माहीत आहे रस्ता. सात वर्षं तिच्याबरोबर आले आहे." मग सहकाऱ्यांकडे वळले. "पाहणाऱ्याची सही हवी आहे. कुणी पाहिलं?" सगळे फरशीकडे बघायला लागले. ओली नव्हती फरशी. कोरडी ठक्क होती.

दारात कांचन उभी होती, शोकसभेसाठी आलेली, मागे तिची आई. ती आत आली. मी कागदावर हात ठेवला. म्हटलं, तू नको, बाळा, तू लहान आहेस, तुला त्रास देतील. ती आईकडे बघत होती. तिची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तरास आता काय नवा हाय का, बाई? हात काढा. तिनं पायलंय. आन्‌ मी हाय तिच्या मागं."

मी हात काढला. कांचननं दप्तरातून तुझं पेन काढलं, टोपण दातांत धरलं आणि माझ्या सहीशेजारी लिहिलं, पाहणारी, आणि पूर्ण नाव घातलं. मग तिच्या आईनंही पेन मागून घेतलं आणि लेकीच्या नावाखाली सही केली. मी कागद उचलून बाहेर आले; सभेला जमलेल्या माणसांदेखत तो ओढून घ्यायला कुणी पुढे झालं नाही.

भाऊसाहेबांसाठी पान केलेलं नाही. आत सभा सुरू झाली आहे, ते काय बोलतात ते इथे ऐकू येतंय, दोन वाक्यांनंतर थांबले आहेत. तुझी आई पिशोरहून एसटीनं निघाली आहे. ती आली की फरशीबद्दल आधी तिला सांगणार, मग आम्ही चौघी ठाण्यात जाणार. कागद माझ्या मांडीवर आहे. रेघ एकच मारली आहे, वैजे. खालचं वाचता येतंय.